दफनभूमीत तोडफोड झाली तर: पहिल्या तासापासून कोर्टापर्यंत

कबरीवरचा दगड फोडलेला दिसला की घरच्यांचा हात आधी तुकड्यांकडे जातो. क्रूस पुन्हा उभा करायचा, नावाची पाटी पुसून जागेवर ठेवायची, चार फुलं वाहायची. आपल्या माणसाची जागा अशी उघडी पडलेली कुणालाच बघवत नाही. पण त्या अर्ध्या तासाच्या आवराआवरीत पुढच्या खटल्याचा निम्मा पुरावा निघून जातो, आणि पोलीस ‘नक्की काय काय फोडलं होतं?’ असं विचारतात तेव्हा दाखवायला काही उरत नाही.

ज्यांनी आजवर पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जागा ख्रिस्ती सेमेटरी असो, कब्रस्तान असो, कोकणातली बेने इस्रायल (मराठी ज्यू) दफनभूमी असो, लिंगायत समाजाची रुद्रभूमी असो किंवा वस्तीची साधी स्मशानभूमी. फौजदारी कायदा सगळ्यांना सारखाच लागतो. तो आपल्या बाजूने बराच भक्कम आहे. फक्त तो मागता आला पाहिजे.

पहिली पायरी: आवरू नका, टिपून घ्या

फाटकापासून सुरुवात करा. कुलूप तुटलंय का, कुंपणाची तार कापलीय का, भिंतीवर चढल्याच्या खुणा आहेत का, हे आधी. मग लांबून संपूर्ण जागेचे फोटो, मग एकेका रांगेचे, मग प्रत्येक फुटलेल्या कबरीचे. जवळच्या फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. अक्षरं पुसट असतील तर सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं पडतं तेव्हा फोटो घ्या. नाव आणि साल स्पष्ट येतं.

फुटलेली कड नीट बघा आणि तिचा वेगळा फोटो काढा. ताजी फुटलेली संगमरवराची कड पांढरीशुभ्र असते, साखरेच्या खड्यासारखी चमकते, बोटाला पूड लागते. जुन्या फुटीवर मळ आणि शेवाळ बसलेलं असतं. जांभ्यातही असंच: ताजी फूट तांबडी-पिवळी, जुनी काळपट. पुढे आरोपीचा वकील ‘हे दगड वर्षानुवर्षं असेच पडून होते’ असं म्हणणारच, आणि त्याला या एका फोटोने उत्तर देता येतं.

इथेच स्वतःशी प्रामाणिक राहून एक गोष्ट तपासा. पिंपळाच्या मुळाने चौथरा उचललाय का? पावसाळ्यात माती खचून दगड कलंडलाय का? गुरं शिरली होती का? तसं असेल तर फिर्याद देऊ नका. एका खोट्या संशयाने गावातली दोन घरं कायमची तुटतात, आणि पुढे खरी घटना घडली तर तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

दारूची बाटली, काठी, पहार, हातमोजा, रंगाचा डबा असं काही पडलेलं असेल तर हात लावू नका. भिंतीवर काही लिहिलं असेल तर पुसू नका. मोबाइलमधले मूळ फोटो डिलीट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे गेलेल्या फोटोचा दर्जा उतरतो आणि त्याची मूळ माहितीही निघून जाते.

कबर उकरलेली असेल, हाडं उघडी पडली असतील, तर ताबडतोब ११२ वर फोन करा. फोटो घेऊन झाले की वरून स्वच्छ कापड अंथरा, माणूस राखणीला बसवा, पण काहीही उचलू नका आणि पुन्हा पुरू नका. हे फार कठीण असतं, मला ठाऊक आहे. धार्मिक विधी पंचनामा झाल्यावर, पोलिसांना सांगून करा.

दुसरी पायरी: सीसीटीव्ही, त्याच दिवशी

बहुतेक कॅमेऱ्यांत जुन्या चित्रणावर नवं चित्रण आपोआप चढतं. कुठे आठवड्यात, कुठे महिन्यात. म्हणून रस्त्यावरचं दुकान, सोसायटीचं गेट, पेट्रोल पंप जे असेल तिथे लगेच जा आणि मालकाला त्या रात्रीचं चित्रण जपून ठेवायची विनंती लेखी द्या. पोलिसांनाही अर्जात कॅमेऱ्यांच्या जागा लिहून द्या. मुंबईत माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या दफनभूमीत जानेवारी २०२३ मध्ये क्रूस फोडले गेले, तेव्हा सीसीटीव्हीच्या आधारे पोलीस आरोपीपर्यंत झटपट पोहोचले होते.

चित्रण कोर्टात चालायचं तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात. एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमध्ये नंतर बदल झाला नाही हे दाखवणारा संकेतांकही नोंदवतात. हे काम तपास अधिकाऱ्याचं आहे, पण ‘साहेब, ६३ चं प्रमाणपत्र घेतलंत का?’ एवढं विचारत राहणं आपलं.

तिसरी पायरी: कोणतं कलम मागायचं

साऱ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

नवखा माणूस ठाण्यात जाऊन सांगतो, ‘आमच्या कबरीचा दगड फोडला.’ ठाणे अंमलदार त्याची नोंद मालमत्तेचं किरकोळ नुकसान म्हणून घेतो आणि हातात एनसीची पावती देतो. एनसी म्हणजे अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपासच करू शकत नाहीत. फिर्यादी घरी जातो, पावती कपाटात जाते, प्रकरण तिथेच संपतं.

आता भारतीय न्याय संहिता, २०२३ चं कलम ३०१ बघा. जुन्या भारतीय दंड संहितेत हेच कलम २९७ होतं. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना नवी संहिता लागते. कुणाच्या भावना दुखावण्याच्या किंवा धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने, अथवा तसं होण्याचा संभव आहे हे माहीत असताना, जो कोणी प्रार्थनास्थळात, दफनाच्या जागी किंवा अंत्यविधीसाठी राखलेल्या जागेत अनधिकृत प्रवेश करतो, प्रेताची विटंबना करतो किंवा अंत्यविधीला जमलेल्यांना त्रास देतो, त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. शिक्षा मोठी नाही आणि गुन्हा जामीनपात्र आहे. पण तो दखलपात्र आहे. आणि एकाच प्रकरणात एक गुन्हा जरी दखलपात्र असला, तरी तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ प्रमाणे सबंध प्रकरण दखलपात्र धरून तपास करावा लागतो. म्हणजे ३०१ लागलं की दगडफोडीचाही तपास होणार.

त्यातला ‘माहीत असताना’ हा भाग विसरू नका. ‘आमचा कुणाला दुखवायचा हेतू नव्हता, दारूच्या नशेत झालं’ हा नेहमीचा बचाव. पण भिंत ओलांडून रात्री दफनभूमीत शिरून नावं कोरलेले दगड पाडणाऱ्याला कुणाचं तरी मन दुखावेल हे कळत नव्हतं, असं म्हणणं सोपं नाही.

बाकीची कलमं प्रसंगाप्रमाणे. क्रूस, आयत कोरलेला दगड, एखादी पूज्य समाधी यांची नासधूस धर्माचा अपमान करण्यासाठी केली असेल तर कलम २९८, दोन वर्षांपर्यंत कैद. यातली ‘पवित्र वस्तू’ म्हणजे फक्त देवळातली मूर्ती नव्हे. एखादा वर्ग जी वस्तू पवित्र मानतो ती, मग तिची किंमत काही असो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये वीरभद्रन चेट्टियार प्रकरणात सांगितलं आहे. नुकसानीसाठी कलम ३२४. त्यात २० हजार ते १ लाख रुपयांपर्यंतच्या नुकसानीला दोन वर्षांपर्यंत आणि १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. लोखंडी फाटक, पितळी अक्षरं, संगमरवर पळवलं असेल तर चोरीचं कलम ३०३. जागा ग्रामपंचायतीची किंवा महापालिकेची असेल तर सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा, १९८४. दफनभूमी अनुसूचित जातीच्या वस्तीची असेल आणि जातीच्या आकसाने हे झालं असेल, किंवा तिथे अंत्यविधी करू दिला जात नसेल, तर अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ लागतो, आणि मग तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो.

कलम २९९ लावा, असा आग्रह बरेच जण धरतात. धार्मिक भावना जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने भडकवण्याचं हे कलम आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षेचं. पण त्याचा खटला चालवायला सरकारची पूर्वपरवानगी लागते आणि ती येईपर्यंत फाइल पडून राहू शकते. भिंतीवर द्वेषाचा मजकूर लिहिला असेल, आधी धमक्या आल्या असतील, तर जरूर मागा. नुसता राग आहे म्हणून मागू नका.

चौथी पायरी: फिर्याद

फिर्याद द्यायला तुम्ही जागेचे मालक असायला हवं असं नाही. गुन्ह्याची माहिती असलेली कोणतीही व्यक्ती ती देऊ शकते. तरीही घरचा एक माणूस आणि दफनभूमीचा विश्वस्त, मुतवल्ली (वक्फ मिळकतीची व्यवस्था बघणारा), धर्मगुरू किंवा ग्रामपंचायत अधिकारी असे दोघं मिळून गेलात तर उत्तम.

तोंडी सांगू नका, लिहून न्या. भाषा साधी असू द्या. असा काहीसा मजकूर पुरतो:

‘मी अमुक, राहणार अमुक. माझ्या वडिलांचं दफन अमुक साली या दफनभूमीत झालं असून त्यांची कबर पूर्वेकडच्या भिंतीलगत तिसऱ्या रांगेत आहे. दि. … रोजी सायंकाळी … वाजता रखवालदाराने फाटकाला कुलूप लावलं, तेव्हा सर्व कबरी सुस्थितीत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी … वाजता आम्हाला कुलूप तुटलेलं व सोबतच्या यादीतील कबरींचे दगड आणि क्रूस फोडलेले दिसले. अज्ञात इसमांनी ही जागा मृतांच्या दफनाची आहे हे माहीत असूनही, आमच्या भावना दुखावतील याची जाणीव असताना आत अनधिकृत प्रवेश करून ही नासधूस केली. त्यामुळे मला व माझ्या कुटुंबाला तीव्र मानसिक क्लेश झाले आहेत. अंदाजे नुकसान रु. …. भारतीय न्याय संहिता कलम ३०१, ३२४ व लागू होणाऱ्या इतर कलमांन्वये गुन्हा नोंदवून तपास करावा.’

‘शेवटचं सुस्थितीत कधी पाहिलं’ आणि ‘फुटलेलं पहिल्यांदा कधी पाहिलं’ या दोन वेळा नक्की लिहा. तपास त्या दोन वेळांच्या मधल्या तासांचा असतो. संशयिताचं नाव खात्री असेल तरच लिहा; ऐकीव असेल तर ‘असं अमक्याकडून समजलं’ असं स्पष्ट म्हणा. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि सहीसह पोच घ्या. एफआयआर झाल्यावर तिची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळते. सही करण्याआधी शब्दन् शब्द वाचा, आणि ‘भावना दुखावतील हे माहीत असताना’ हा भाग गळला असेल तर तिथल्या तिथे घालायला लावा.

पाचवी पायरी: पंचनामा आणि नुकसानीचा आकडा

पंचनाम्याला दोन पंच लागतात. पोलीस बहुतेकदा समोर दिसेल त्याला बोलावतात. तुम्ही आधीच दोन भली माणसं तयार ठेवा: याच गावात राहणारी आणि दोन-चार वर्षांनी समन्स आलं तर कोर्टात येऊन ‘हो, ही माझी सही, मी हे पाहिलं’ असं सांगणारी. घरचे नातेवाईक पंच नकोत. प्रत्येक फुटलेली कबर नाव, रांग आणि मोजमापासह पंचनाम्यात यावी. तुम्ही केलेली यादी आणि हाताने काढलेला साधा नकाशा दिलात तर हवालदारही मनापासून आभार मानतो, असा अनुभव आहे.

आकड्याबद्दल लोक संकोचतात. ‘आईच्या कबरीची किंमत काय सांगायची?’ पण वर पाहिलंत, २० हजार आणि १ लाख या रेषांवर शिक्षा बदलते, पुढे भरपाईही त्यावरच ठरते. म्हणून पाथरवटाकडून किंवा संगमरवरवाल्याकडून लेटरहेडवर अंदाजपत्रक घ्या. दगड, तासणी, अक्षरं कोरणं, वाहतूक, चौथऱ्याचं गवंडीकाम, सगळं वेगवेगळं मांडलेलं असावं. मूळ बिल सापडलं तर सोन्याहून पिवळं. आकडा फुगवू नका. उलटतपासणीत तोच आधी फुटतो.

गुन्हा नोंदवून घेत नसतील तर

‘साहेब बाहेर गेलेत’, ‘उद्या या’, ‘आधी जागेचे कागद आणा’ ही उत्तरं ऐकावी लागतील. वाद घालू नका. शांतपणे सांगा की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं आहे. प्राथमिक चौकशीसाठी १४ दिवसांची जी सवलत नव्या कायद्यात आहे, ती तीन ते सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे. ३०१ त्यात बसत नाही. हद्द आपली नाही असं म्हणाले तर झीरो एफआयआर मागा, म्हणजे हद्द नसली तरी नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा एफआयआर.

तरीही नकार आला तर तीच फिर्याद स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) त्यासाठीच आहे. पोस्टाची पावती सांभाळा. तिथूनही काही हललं नाही तर कलम १७५(३) खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज करता येतो. अधीक्षकांना अर्ज केल्याचा पुरावा त्याला जोडावा लागतो. इथे वकील हवा. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, इतर बहुतेकांना उत्पन्नाच्या मर्यादेत.

यात वेळ दवडू नका. एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतही एक वर्षाचीच असते, आणि नव्या कायद्यात ती फिर्याद किंवा एफआयआर दाखल झाल्याच्या तारखेपर्यंत मोजतात. आरोपी अज्ञात असेल तर तो कळल्या दिवसापासून मोजणी सुरू होते, पण त्या भरवशावर बसू नये.

‘मिटवून टाका’

आरोपी गावातलाच निघाला की दोन दिवसांत कुणीतरी मध्यस्थ घरी येतो. ‘पोरं आहेत, आयुष्य बरबाद होईल. दगड नवा बसवून देतात, सही करा.’ मुलं खरंच अल्पवयीन असतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि तिथे भर शिक्षेपेक्षा सुधारणेवर असतो. त्यामुळे ‘आयुष्य बरबाद’ची भीती बरीचशी पोकळ आहे. दुसरं, कलम ३०१ तडजोडयोग्य गुन्ह्यांच्या यादीत नाही. एफआयआर झाल्यावर ठाण्यात बसून, कोऱ्या कागदावर सह्या करून तो मिटत नाही. उभय पक्षांना खरंच मिटवायचं असेल तर उच्च न्यायालयात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. क्षमा करायचा हक्क तुमचा आहे आणि अनेक कुटुंबं ती मोठ्या मनाने करतात. पण ती कोर्टात, कागदावर, वकिलाला विचारून करा. दबावाखाली नको.

तोडफोडीमागे जागा बळकावण्याचा डाव असेल तर

दहापैकी किती वेळा असं होतं ते सांगता येणार नाही, पण जेसीबीच्या चाकाच्या खुणा दिसल्या, एकाच बाजूच्या कबरी सपाट झालेल्या दिसल्या, तर हा टवाळ पोरांचा खेळ नाही हे समजा. तिथे फौजदारी फिर्याद एकटी पुरत नाही. त्याच आठवड्यात सातबारा, शहरात असाल तर प्रॉपर्टी कार्ड, आणि भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशाची नक्कल काढा. सरकारी जमिनीवर अतिक्रमण असेल तर तहसीलदारांकडे अर्ज. नोंदणीकृत सार्वजनिक विश्वस्त संस्था असेल तर धर्मादाय कार्यालयात कळवा. वक्फ मिळकत असेल तर छत्रपती संभाजीनगरातल्या राज्य वक्फ मंडळाला. आणि दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागा. तातडीचा अंतरिम मनाई हुकूम मिळाला तर उरलेल्या कबरी वाचतात. जुने दफन-नोंदवहीचे उतारे, मृत्यूचे दाखले, सणाच्या दिवशी कबरींपाशी घेतलेले कौटुंबिक फोटो, सगळं उपयोगी पडतं.

परदेशात असलेल्यांनी काय करावं

रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल दफनभूमींत हिब्रूबरोबर मराठीत कोरलेले दगड आहेत, आणि ज्यांच्या पणज्या-आज्या तिथे विसावल्यात ती घरं आज इस्रायलमधल्या अश्दोद, लोद, दिमोनात आहेत. गोव्या-वसईतली अनेक कुटुंबंही अशीच परदेशात आहेत. ईमेलने किंवा पोर्टलवरून फिर्याद देता येते, पण तीन दिवसांच्या आत त्यावर सही करावी लागते, आणि तिथेच परदेशातला माणूस अडतो. म्हणून इथल्या नातेवाइकाला किंवा दफनभूमीच्या विश्वस्ताला फिर्यादी होऊ द्या. तुम्ही वारस म्हणून स्वतंत्र पत्र द्या, नातं दाखवणारे कागद जोडा. पुढच्या कामांसाठी भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं मुखत्यारपत्र पाठवा. पुण्यात खडकीच्या युद्ध दफनभूमीसारख्या ठिकाणी काही दिसलं तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनला कळवा. देखभाल तेच बघतात.

एफआयआरनंतर

गुन्हा रजिस्टर नंबर आणि तपास अधिकाऱ्याचं नाव वहीत लिहून ठेवा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर लेखी विचारा. आरोपी सापडला नाही तर पोलीस कोर्टात समरी अहवाल पाठवतात. महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्यादच खोटी, ‘क’ म्हणजे गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची. ‘अ’ आली तर पुढे धागा सापडल्यावर तपास पुन्हा उघडता येतो. ‘ब’ किंवा ‘क’ आली तर गप्प बसू नका. अहवाल स्वीकारण्याआधी फिर्यादीचं म्हणणं ऐकावंच लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये भगवंत सिंग प्रकरणात ठरवून दिलं आहे. कोर्टाची नोटीस आली की दिलेल्या तारखेला हजर राहून लेखी हरकत द्या आणि ते फोटो, अंदाजपत्रक, सीसीटीव्हीची विनंतीपत्रं सोबत जोडा.

दोषारोपपत्र दाखल झालं तर सरकारी वकिलांना एकदा भेटा आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ खाली नुकसानभरपाईची मागणी करायला सांगा. शिक्षा देताना कोर्ट आरोपीकडून ती देववू शकतं. त्याखेरीज दिवाणी दावा करायचा तर साधारण तीन वर्षांची मुदत धरून चला.

कबर दुरुस्त कधी करायची? पंचनामा झाल्यावर तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा, ‘दुरुस्तीला हरकत नाही’ असं त्यांच्याकडून लेखी घ्या, आणि काम सुरू करा. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही. जुन्या दगडाचे तुकडे मात्र टाकू नका. त्यांवर रंगाने क्रमांक घालून, पोत्यात भरून, विश्वस्तांच्या खोलीत किंवा चर्चच्या पडवीत ठेवा, आणि कुठलं पोतं कुठल्या कबरीचं याची यादी फिर्यादीच्या फाइलला लावा.